विषाणूला पाय नसतात

२०२०च्या एप्रिलमध्ये आपल्याकडच्या कितीतरी घरांत एक नवं काम सुरू झालं होतं. दुधाच्या पिशव्या साबणानं धुवायच्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, बाहेरून आलेलं पार्सल दोन दिवस गॅलरीत पडू द्यायचं. हे सगळं उरकलं की खिडक्या लावून, एसी चालू करून, घरातल्या सगळ्यांनी एकाच खोलीत टीव्हीवर करोनाचे आकडे पाहायचे. त्याआधी थोडेच दिवस, २८ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेनं ट्विटरवर ठासून सांगितलं होतं की करोना हवेतून पसरत नाही. पुढे ही भूमिका संघटनेला बदलावी लागली. बंद, कोंदट खोलीत बाधित माणसानं नुसतं बोलत बसणंही पुरेसं असतं, हे तोवर पुरेसं स्पष्ट झालं होतं. म्हणजे काळजी आपण भरपूर घेतली होती, पण पहारा भलत्याच दारावर बसवला होता.

विषाणूंच्या आजारांची माहिती म्हटली की बहुधा नावं आणि लक्षणं सांगितली जातात. याला ताप, त्याला पुरळ, तिसऱ्याला सांधेदुखी. डॉक्टरांना त्याचा उपयोग आहेच. बाकीच्यांना मात्र, माझ्या मते, दोन प्रश्न पुरतात : हा विषाणू रोग्याच्या अंगातून कुठून बाहेर पडतो आणि दुसऱ्याच्या अंगात कुठून शिरतो? या दोन जागा आणि त्यांच्यामधला रस्ता कळला, की कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे बरंचसं आपोआप ठरतं.

विषाणूला स्वतःहून कुठेच जाता येत नाही. तो श्वास घेत नाही, खात नाही, वाढत नाही. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेली थोडीशी जनुकीय सामग्री, एवढाच त्याचा संसार. जिवंत पेशीत शिरल्यावर मात्र तो त्याच पेशीच्या यंत्रणेकडून स्वतःच्या हजारो प्रती काढून घेतो. आकार इतका लहान की १८९२ साली इवानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनीमातीच्या गाळणीतून गाळला, तरी तो रस रोग देतच राहिला. पोलिओचा विषाणू जेमतेम ३० नॅनोमीटरचा असतो. मिलिमीटरभर जागेत असे तीस हजारांहून अधिक ओळीनं बसतील. जिवाणूंच्या ज्या यंत्रणेवर अँटिबायोटिक घाव घालतं, ती यंत्रणाच विषाणूकडे नसते. म्हणून सर्दीवर ‘स्ट्राँग गोळी’ मागणाऱ्या रुग्णानं ती मिळवलीच, तर विषाणूला त्याचा पत्ताही लागत नाही.

रस्ता ठरवण्यात विषाणूच्या अंगरख्याचा मोठा हात असतो. काही विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्या आवरणाचा तुकडा पांघरून घेतात. हे आवरण स्निग्ध असतं. फ्लू, करोना, गोवर, डेंगी, रेबीज, एचआयव्ही हे सगळे असे आवरणवाले. साबण नेमका स्निग्ध पदार्थांवरच काम करतो, त्यामुळे तो हे आवरण फोडतो आणि विषाणू निकामी होतो. जठरातलं आम्ल आणि पित्त यांच्यापुढेही हे आवरण सहसा टिकत नाही. दुसरे असतात उघडे : पोलिओ, रोटा, नोरो, काविळीचे अ आणि ई हे प्रकार. प्रथिनांचं कवच घट्ट असल्यामुळे ते पोटातून सुखरूप पार होतात, विष्ठेतून बाहेर पडतात, पाण्यात टिकून राहतात. उलट्या-जुलाबाच्या नोरो विषाणूवर हाताला चोळायचं सॅनिटायझर म्हणूनच फारसं चालत नाही. तिथे साबण लावून, वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुणं बरं, कारण विषाणू मेला नाही तरी निदान मोरीत वाहून जातो. निसर्गाला नियमांना अपवाद ठेवायची सवय आहे. सर्दीचा ऱ्हायनो विषाणू उघडा असूनही त्याला आम्ल सोसत नाही, त्यामुळे तो पोटाच्या वाटेला न जाता नाकात मुक्काम करतो. शरीराच्या आतल्या उष्णतेपेक्षा नाकातलं ३३-३४ अंशांचं तापमान त्याला अधिक मानवतं.

सर्दीबद्दल याहून जास्त लिहिण्यात अर्थ नाही. ती देणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत आणि एकाविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला ओळखत नाही, म्हणून ती दर पावसाळ्यात नव्यानं होते. शिंकेइतकीच ती हातानंही पसरते. नाक पुसलेला हात दाराच्या कडीला, कडीवरून दुसऱ्याच्या हाताला, तिथून त्याच्या नाकाडोळ्यांना. साथीत ‘डोळे येतात’ तेही बहुधा असेच, हातानं, रुमालानं, एकाच टॉवेलनं. आलेल्या डोळ्यांकडे नुसतं पाहिलं की आपलेही येतात, ही समजूत २०२३च्या जुलैत आळंदीत आणि राज्यभर डोळ्यांची साथ आली तेव्हाही जोरात होती. काळा चष्मा लावल्यानं उजेड कमी खुपतो आणि हात डोळ्यांकडे कमी जातो, एवढाच त्याचा फायदा. नजरेतून विषाणू जात नाही.

हवेच्या रस्त्यावरचा खरा बादशहा गोवर. खोकताना उडालेले मोठे थेंब हातभर-दोन हातांवर खाली पडतात. गोवराचा विषाणू मात्र सूक्ष्म कणांवर बसून, उदबत्तीचा धूर पसरावा तसा खोलीभर पसरतो आणि रोगी निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रोगी सरासरी १२ ते १८ जणांना गोवर देतो. फ्लूचा रोगी एक-दोघांना देतो. शिवाय अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल गोवर वाटत फिरत असतं, तेव्हा ते नुसतं सर्दी-तापानं किरकिरत असतं आणि कुणाला शंकाही येत नाही.

हे सारं समजायला सुरुवात झाली ती युरोपच्या उत्तरेला, समुद्रातल्या फॅरो बेटांवर. १८४६ साली तिथे गोवराची साथ आली आणि डेन्मार्क सरकारनं पीटर पानुम नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरला पाठवलं. बेटांवर वस्ती ७,७८२. त्यांतले सुमारे सहा हजार आजारी पडले. कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर गोवर आला होता. गावं एकमेकांपासून तुटलेली, येणंजाणं होडीनं, त्यामुळे कोण कुठल्या दिवशी कुणाला भेटलं हे लोकांना पक्कं आठवत होतं. पानुमनं गावोगाव जाऊन तारखा जुळवल्या. भेट झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत तेरा-चौदा दिवस जातात, हे त्यातून निघालं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हाताऱ्यांनी सांगितली. बेटांवर याआधीचा गोवर १७८१ साली, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी आला होता. तेव्हा ज्यांना तो झाला होता, त्यांच्यातल्या एकालाही आता पुन्हा झाला नाही. विषाणू हा शब्दही वैद्यकात आजच्या अर्थानं रुळला नव्हता, सूक्ष्मदर्शकात काही दिसत नव्हतं, आणि या माणसानं नुसत्या विचारपुशीतून एका विषाणूचा जवळजवळ पूर्ण स्वभाव मांडला. साथरोगशास्त्रात यंत्रांपेक्षा चौकस कान मोठा, असं मला अनेकदा वाटतं ते अशा कामांमुळे.

मुंबईत गोवंडीच्या दाटीवाटीच्या वस्तीत २०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवर उसळला, त्यात काही मुलं दगावली. करोनाच्या काळात बालकांचं लसीकरण जागोजागी मागे पडलं होतं. लहान खोल्या, वारा खेळायला जागा नाही, शेजाऱ्याची भिंत आपलीच भिंत. गोवराला याहून सोयीचं काही नसतं. त्याला अडवायला शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. आठवडाभर मास्क लावून किंवा अंगाऱ्या-धुपाऱ्यानं ते साधत नाही. कडुलिंबाचा पाला उशाला ठेवायला हरकत नाही, पण मुलाला ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देण्याची आठवण डॉक्टरांना जरूर करावी, कारण गोवरात डोळे आणि जीव दोन्ही वाचवायला तो उपयोगी पडतो.

फ्लू गोवराइतका संसर्गजन्य नाही, पण तो रूप बदलतो, म्हणून त्याची लस दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते. १९१८च्या जूनमध्ये तो मुंबईच्या गोदीत उतरला. पहिल्या रोग्यांत पोलीस शिपाई होते. सैनिकांची जहाजं आणि रेल्वे यांनी तो देशभर नेला. सप्टेंबरातली दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी मारक ठरली. हिंदुस्थानातल्या मृत्यूंचे बहुतेक अंदाज एक कोटी वीस लाखांच्या वरचेच आहेत. १९२१च्या जनगणनेत लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, आणि तसं आपल्या जनगणनांच्या इतिहासात तेवढं एकदाच झालं.

पाण्याच्या रस्त्यानं येणाऱ्या विषाणूंची गोष्ट सांगायची तर दिल्लीची सांगावी लागते. १९५५च्या पावसाळ्यानंतर यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं मैलापाणी शहराला पाणी पुरवणाऱ्या वझिराबादच्या जलकेंद्राकडे वळलं. अधिकाऱ्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरिन वाढवलं. पुढे जे झालं ते विलक्षण होतं. शहरात टायफॉइड वाढला नाही, हगवण वाढली नाही. म्हणजे जिवाणूंचा बंदोबस्त झाला होता. पण महिन्याभरानं, डिसेंबर-जानेवारीत, काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण निघाले. क्लोरिनच्या ज्या मात्रेला जिवाणू मेले, तिला हा उघडा विषाणू पुरून उरला. सगळ्यांनी ही ‘अ’ प्रकारची कावीळ धरून टाकली. पुढची जवळपास पंचवीस वर्षं तोच समज होता. मात्र गोष्टी जुळत नव्हत्या. ‘अ’ प्रकार मुलांत जास्त, ही साथ तरुणांत होती. आणि गरोदर बायका मोठ्या संख्येनं दगावल्या होत्या. १९७८मध्ये काश्मीरच्या खोऱ्यात अशीच साथ आली तेव्हा डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी ही कावीळ निराळीच असल्याचं दाखवलं. त्याच सुमारास दिल्लीच्या साथीतल्या जपून ठेवलेल्या रक्तद्रवाची तपासणी झाली. तोही ना ‘अ’, ना ‘ब’. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा वाटा होता. विषाणू प्रत्यक्ष दिसला १९८३मध्ये, आणि तो ज्या रीतीनं दिसला ते आजच्या कुठल्याही नैतिकता समितीला झेपणार नाही. मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञानं अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः गिळला, महिन्याभरानं कावीळ करून घेतली आणि मग स्वतःच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू शोधला. तोच हा ‘ई’ प्रकार. शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला तो झाला, तर दर चार-पाच जणींत एकीचा बळी जाऊ शकतो.

एरवी अ आणि ई या दोन्ही काविळी बहुतेकांच्या बाबतीत विश्रांतीनं, आपल्या आपण बऱ्या होतात. गावोगावच्या काविळीच्या मंतरलेल्या माळा, हातावर चोळायचा चुना आणि नाकात पिळायची मुळी यांची कीर्ती याच गोष्टीवर उभी आहे. घोटाळा होतो तो कावीळ ‘ब’ प्रकारची असली तर. डोळे तसेच पिवळे होतात, पण रस्ता वेगळा : रक्त, शरीरसंबंध, दूषित सुई, बाळंतपणात आईकडून बाळाला. सांडलेल्या रक्तात हा विषाणू सात दिवसांपर्यंत जगू शकतो. तो काही जणांच्या यकृतात कायमचा राहतो आणि वीस-तीस वर्षांनी यकृत निकामी करतो किंवा कर्करोग आणतो. इथे पाणी उकळून काही साधत नाही. जन्मल्यापासून चोवीस तासांत बाळाला दिलेली लस हा त्यावरचा बंदोबस्त आहे, आणि सलूनमधलं पातं प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं आहे ना, हे विचारायला लाजू नये.

आता डास. डेंगी, चिकुनगुन्या, झिका तिन्ही एडिस डासाच्या पाठीवरून फिरतात. खरं तर त्याच्या पोटातून. डेंगीच्या रोग्याचं रक्त प्यायल्यावर विषाणू आधी डासाच्या आतड्यात वाढतो, मग त्याच्या लाळेपर्यंत पोचतो. याला आठ ते बारा दिवस लागतात. त्यानंतर ती मादी जन्मभर ज्याला चावेल त्याला विषाणू देऊ शकते. डासाच्या पोटात एचआयव्हीला असं वाढता येत नाही, म्हणून डासामुळे एड्स होत नाही. डेंगीच्या रोग्याजवळ बसल्यानं, त्याच्या ताटात जेवल्यानंही काही होत नाही. रोग्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवायला सांगतात, ते इतरांसाठी : डासाला त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही.

एडिस हा घरातला प्राणी आहे, आणि आपल्याला ते पटत नाही. वस्तीत डेंगी निघाला की लोक नगरसेवकाला फोन करून गटार आणि धूर फवारणी यांवरून भांडतात. एडिसला गटार नको असतं. त्याला हवं असतं फ्रिजमागच्या ट्रेमधलं, कुंडीखालच्या बशीतलं, कूलरमधलं, गच्चीवरच्या टायरमधलं, पाणी एक दिवसाआड येतं म्हणून भरून ठेवलेल्या पिंपातलं स्वच्छ पाणी. तो दिवसा चावतो आणि सहसा शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्याच इमारतीतला. अंडी पाण्यात नसतात. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. उन्हाळ्यात कोरडं ठणठणीत झालेलं पिंप जूनमध्ये भरलं की आठवडा-दहा दिवसांत डास तयार. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं, आणि भांडं नुसतं ओतून न देता कडा घासायला सांगतं. धुरानं उडते डास मरतात, तेवढ्यापुरते. अंड्यांना त्याचा काहीच त्रास नाही. पण धूर दिसतो, आवाज करतो, फोटोत येतो.

डास आणि गोचिडी यांच्या रस्त्यावर महाराष्ट्राचा भूगोल बराच येतो. चिकुनगुन्याची साथ १९७३मध्ये बार्शीत आली होती. मग तो देशातून जणू नाहीसाच झाला आणि ३२ वर्षांनी परतला. २००६ या एका वर्षात देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण निघाले, आणि गावंच्या गावं कमरेत वाकून चालायला लागली. मधल्या काळात जन्मलेल्या पिढीनं तो पाहिलाच नव्हता, तिच्या रक्तात त्याची ओळख नव्हती. राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये सापडला. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव तर एका विषाणूलाच मिळालं आहे. तापाच्या साथीत १९६५ साली तो तिथे प्रथम हाती लागला. वाळूमाशीतून येणारा हा विषाणू लहान मुलांच्या मेंदूवर जातो, आणि २००३मध्ये आंध्र-महाराष्ट्रात व २०२४मध्ये गुजरातेत त्यानं मुलं नेली. दोडामार्ग-बांदा पट्ट्यात आणि गोव्यातल्या सत्तरीत गेल्या दहा वर्षांत ‘माकडताप’ ओळखीचा झाला आहे. १९५७मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली तेव्हा तो कळला. तो सहसा माकडाकडून थेट येत नाही. मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी काजूच्या बागेतल्या पाचोळ्यात पसरतात, आणि काजू गोळा करायचा हंगाम नेमका त्यांच्या पिल्लांचा हंगाम असतो. माणसाकडून माणसाला मात्र हा ताप जात नाही.

स्वतःचा रस्ता स्वतःच आखणारा विषाणू एकच म्हणता येईल, तो रेबीज. कुत्र्याच्या लाळेतून तो जखमेत उतरतो, रक्तात न जाता मज्जातंतूंच्या आतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. मेंदूत पोचला की प्राणी बिथरतो, चावत सुटतो, आणि घसा आवळल्यामुळे त्याला लाळ गिळता येत नाही. विषाणूनं भरलेली लाळ तोंडात साचते आणि चावण्याची ऊर्मी वाढते. पुढच्या शरीरात जाण्याची सोय याहून नेमकी करणं कठीण. लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. तरीही तो अडवता येतो, कारण मेंदूपर्यंतचा त्याचा प्रवास संथ असतो. लस त्याच्या आधी पोचते. विषाणू आवरणवाला असल्यामुळे चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतली, तर त्यातला बराचसा तिथेच संपतो. आपल्याकडे मात्र अजून हळद, चुना, मिरचीपूड लावली जाते. त्यानं जखम चिघळते आणि धुवायची वेळ निघून जाते. खोल जखमेत लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं, तेही जखमेतच.

काही विषाणूंना दुसरा माणूस मिळेपर्यंत थांबता येतं. फॅरो बेटांवरून गोवर ६५ वर्षं गायब झाला, कारण सगळ्यांना होऊन गेल्यावर त्याला नवा माणूसच उरला नव्हता. कांजिण्यांचं तसं होत नाही. एडगर होप-सिम्प्सन हा इंग्लंडमधल्या एका लहान गावचा साधा जनरल प्रॅक्टिशनर. त्यानं आपल्या रोग्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवल्या, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका बेटावरही जाऊन माहिती घेतली, आणि १९६५मध्ये मांडलं की लहानपणी कांजिण्या देणारा विषाणू बरं झाल्यावर अंगातून जातच नाही. तो मणक्याजवळच्या मज्जागाठींत पडून राहतो आणि म्हातारपणी, प्रतिकारशक्ती ढिली पडली की, एकाच मज्जातंतूच्या वाटेनं त्वचेवर येतो. तीच नागीण. एकाच तंतूची हद्द असल्यामुळे ती बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते. तिची दोन टोकं जुळली की माणूस मरतो, या भीतीला काही आधार नाही. नागिणीमुळे दुसऱ्याला नागीण होत नाही. पण आजोबांच्या फोडांतल्या पाण्यानं, लस न घेतलेल्या आणि कांजिण्या न झालेल्या नातवाला कांजिण्या होऊ शकतात. दोन पिढ्यांमधलं पन्नास-साठ वर्षांचं अंतर विषाणू असं एका उडीत पार करतो. फोडांवर खपली धरेपर्यंत ते झाकून ठेवले आणि तोवर घरातल्या तान्ह्या बाळाला व गरोदर सुनेला आजोबांपासून जरा दूर ठेवलं, की तेवढ्यानं भागतं.